दंडाच्या पैशातून आलेले पुस्तक

१/
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा सौदा नमुन्यावर ठरतो. लांबी-रुंदी, वजन, सुताचा काउंट, लूपची दाटी, रंग पक्का की कच्चा हे सारे पाहून, हाताने चाचपून, मगच घेणारा दर बोलतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे या मालाची पारख कशी करावी हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

मात्र हा टॉवेल विणणाऱ्या कामगाराने संध्याकाळी एखादे पुस्तक हाती घ्यायचे म्हटले, तर ते पुस्तक कोणी पारखले, कोणी विकत घेतले आणि मुख्य म्हणजे कोणाच्या पैशाने घेतले? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उलगडतो आणि तो थेट गिरणीतल्या दंडाच्या नोंदवहीपर्यंत जाऊन पोहोचतो.

२/
आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये वाचनालय उभे राहिले. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. सोलापुरात आज हिराचंद नेमचंद वाचनालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा प्रारंभ १८५३ चा. त्या काळी अशा संस्थांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणत. सरकारी अधिकारी, वकील, शिक्षक, सावकार, सरदार अशी मंडळी वर्गणी काढत आणि त्यांतलेच चार जण पुस्तके निवडत.

निवडीचा नियम अलिखित होता : ज्याची वर्गणी, त्याची आवड. म्हणून कपाटांत इंग्रजी ग्रंथ आणि वृत्तपत्रे अधिक दिसत. यात कोणाचा कट नव्हता. छापील मराठी ग्रंथच मोजके होते, आणि वर्गणी भरू शकणाऱ्याला इंग्रजी येत असे.

३/
मराठी पुस्तके कमी होती कारण ती लिहवून घेणारा आणि विकत घेणारा कोणी नव्हता. पेशवाईतील दक्षिणेचा निधी कंपनी सरकारने चालू ठेवला होता, पण तो शास्त्री-पंडितांना वाटला जाई. त्यातील काही रक्कम मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावी असा अर्ज पुण्यातील सुधारकांनी केला, तेव्हा शहरात मोठा गदारोळ उडाला. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली.

म्हणजे सार्वजनिक पैसा कोणत्या पुस्तकावर खर्चावा, हा महाराष्ट्रातला वाद पहिल्या ग्रंथालयांइतकाच जुना आहे.

४/
पुढे १८६७ चा पंचविसावा कायदा आला. छापखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. सरकारचा हेतू देखरेखीचा होता. परंतु याच नोंदींमुळे मराठीत काय छापले जाते याची प्रथमच एकत्रित यादी तयार झाली, आणि न्यायमूर्ती रानड्यांना शतकाच्या अखेरीस मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेता आला. पोलिसी कामासाठी ठेवलेली वही अभ्यासकाच्या उपयोगी पडावी, हा इतिहासाचा खास विनोद.

५/
वर्गणीदारांच्या आवडीचा नियम मोडणारा पहिला मोठा प्रयत्न ठाण्यात झाला. १ जून १८९३ रोजी तेथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्यामागे होते विनायक लक्ष्मण भावे : व्यवसायाने मिठागरवाले, वृत्तीने संशोधक, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते.

भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे धोरण धाडसी होते. मराठीत छापलेला ग्रंथ बरा की वाईट हे ठरवत बसायचे नाही. तो मराठी आहे, एवढेच त्याला संग्रहात घेण्यास पुरेसे. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय याच वाटेने निघाले.

६/
हे धोरण वरवर पाहता निवड टाळणारे वाटते. प्रत्यक्षात ती फार दूरदृष्टीची निवड होती. आजचा वाचक ज्याला टाकाऊ म्हणतो, ते शंभर वर्षांनी दस्तऐवज ठरते. जुनी पंचांगे, जातींच्या परिषदांची इतिवृत्ते, स्त्रियांसाठीची पाकपुस्तके, दोन पैशांची लावण्यांची चोपडी... एखाद्या ‘सुसंस्कृत’ निवड समितीने यांतले किती ठेवले असते?

अर्थात जागा आणि पैसा अपुरा असलेल्या छोट्या वाचनालयाला हा मार्ग परवडत नाही. त्याला निवडावेच लागते.

७/
निवडीचा तिसरा मार्ग बडोद्याने दाखवला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय झाले आणि तेथून लाकडी पेट्यांत भरलेली पुस्तके गावोगाव फिरू लागली. गावाने काही रक्कम जमवावी, तेवढीच स्थानिक मंडळाने आणि तेवढीच राज्याने घालावी, अशी तिहाईची व्यवस्था होती.

गाव पैसे जमवते म्हणून गावाचा आग्रह ऐकावा लागे. पेटी मात्र मध्यवर्ती कार्यालयात भरली जाई. गावाची मागणी आणि तज्ज्ञाची निवड यांची ही ओढाताण आजही चालू आहे.

८/
त्याच सुमारास जगातील ग्रंथालयशास्त्रात दोन तट पडले होते. एक म्हणे, लोकांना उत्तम तेच द्यावे. दुसरा म्हणे, लोक मागतील ते द्यावे. ब्रिटिश ग्रंथपाल लायोनेल मॅकॉल्विन यांनी १९२५ मध्ये ग्रंथनिवडीवर पुस्तक लिहून मागणीची बाजू मांडली. १९३१ मध्ये मद्रासमध्ये शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन.

‘प्रत्येक वाचक’ या शब्दांत सोलापूरचा गिरणी कामगारही येतो. त्याच्यासाठी पुस्तक घ्यायचे तर पैसा कोठून आणायचा?

९/
सोलापुरात १८७० च्या दशकात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि शहराचे रूप पालटले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कन्नडभाषक आले, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून मराठी शेतकरी आले. पहाटेच्या भोंग्यावर चालणाऱ्या या शहरात घराघरांतून मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाई. मे १९३० मध्ये याच शहरावर ब्रिटिशांनी मार्शल लॉ लादला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली.

असल्या काळात वाचनालयाच्या समितीने काय घ्यायचे नाही हेही सरकारच ठरवत असे. सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वीच जप्तीच्या यादीत गेला होता, हे सर्वश्रुत आहे.

१०/
आता दंडाकडे.

गिरणीत कामगाराला उशिरा आल्याबद्दल, कापडात दोष राहिल्याबद्दल, यंत्राशेजारी बोलल्याबद्दल दंड होत असे. काही ठिकाणी खराब झालेले कापड कामगाराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ मध्ये मजुरांच्या स्थितीचा अहवाल दिला, त्यात या प्रश्नाचा विचार झाला. त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला.

११/
या कायद्याच्या आठव्या कलमाने दंडाला वेसण घातली. कोणत्या कृत्याबद्दल दंड होणार याची सूचना आधी लावली पाहिजे. कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. वेतनाच्या रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक दंड करता येणार नाही. प्रत्येक दंड नोंदवहीत लिहिला पाहिजे.

आणि शेवटची अट सर्वांत महत्त्वाची : दंडाची रक्कम मालकाच्या नफ्यात जाणार नाही. ती कामगारांच्याच हितासाठी, मंजूर केलेल्या कामांवरच, खर्च करावी लागेल.

१२/
स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने हे सूत्र पुढे नेले. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने कारखान्याकारखान्यांतून पडून असलेला असा पैसा एका निधीत आणण्याचे ठरवले. निधीत दोन प्रमुख ओघ येणार होते. पहिला, कामगारांकडून वसूल झालेले दंड. दुसरा, ‘न दिलेली देणी’ : म्हणजे कामगाराचे जे वेतन वा बोनस देय झाल्यापासून तीन वर्षांत दिलेच गेले नाही, ते.

या दुसऱ्या ओघाकडे क्षणभर थांबून पाहायला हवे. गावी गेला आणि परतला नाही, आजारी पडला, संपानंतर कामावरून गेला, मेला, अशा माणसांची ही मजुरी. ती मागायला कोणी आले नाही.

१३/
आणि हा निधी कशावर खर्चावा, याची कायद्यात जी यादी आहे तिच्या आरंभीच सामाजिक शिक्षणाची केंद्रे येतात, आणि त्यांतच वाचनकक्ष व ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

म्हणजे कायद्याची कल्पना अशी होती की ज्याने कापडात दोष सोडला, त्याच्या दंडातून त्याच्या वस्तीत पुस्तक यावे. आणि जो मजुरी न घेताच निघून गेला, त्याची मजुरी मागे राहिलेल्यांच्या वाचनाला लागावी. मराठी ग्रंथालयांच्या इतिहासात निधीचा इतका विलक्षण उगम दुसरा सापडणे कठीण.

१४/
गिरणीमालकांना हे पटले नाही. बॉम्बे डाइंगने या तरतुदीला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ च्या अखेरीस निकाल लागला. न दिलेली देणी निधीत घेण्याची तरतूद न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

त्यामागचा तर्क कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. मुदत टळली म्हणून कर्ज संपत नाही. संपतो तो केवळ न्यायालयातून वसुलीचा मार्ग. मालकाचे कामगाराला असलेले देणे जिवंतच राहते. असे असताना तीच रक्कम सरकारने मालकाकडून काढून घेतली आणि मालकाला देण्यातून मुक्तही केले नाही, तर ती विनामोबदला घेतलेली मालमत्ता ठरते.

१५/
तर्क बिनचूक होता. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की मागणीदार न आलेली मजुरी, तूर्त तरी, गिरणीच्या तिजोरीतच राहिली. पुढे कायद्यात दुरुस्त्या झाल्या, मूळ हक्कदाराला दावा सांगण्याची सोय ठेवून ही देणी पुन्हा निधीच्या कक्षेत आणली गेली, आणि कामगार, मालक व शासन यांच्या नियमित वर्गणीची जोड मिळाली. ही वर्गणी सहामाही असते. जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात एक बारीकशी कपात दिसते, तीच ही. आपण वाचनालयाचे आश्रयदाते आहोत, हे ती कपात पाहणाऱ्या किती कामगारांना ठाऊक असेल?

१६/
निधी चालवणाऱ्या कामगार कल्याण मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी असतात, स्वतंत्र सदस्यही असतात. राज्यभर कामगार कल्याण केंद्रे उघडली. त्यांत शिवणवर्ग, व्यायामशाळा, नाट्यस्पर्धा आणि पुस्तकांची कपाटे आली. कामगार नाट्यस्पर्धांनी मराठी रंगभूमीला नट दिले, याचे कौतुक वारंवार होते. कपाटांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

एक फरक मात्र नोंदवायलाच हवा. १८५३ च्या सोलापुरात वर्गणी देणारा स्वतः पुस्तक निवडत होता. शंभर वर्षांनी कामगाराच्या खिशातून पैसा येऊ लागला, तेव्हा निवडीची खुर्ची त्याच्यापासून बरीच दूर गेली होती.

१७/
१९६२ मध्ये, १ ऑगस्टला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढच्या दशकांत सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि विणकाम यंत्रमागांच्या लहान लहान शेडमध्ये विखुरले. अक्कलकोट रोड एमआयडीसी ही त्या स्थलांतराची मुख्य वसाहत. हजारो कामगार असलेल्या एका गिरणीच्या जागी मूठभर माणसांचे असंख्य कारखाने आले.

कल्याणाचा सारा आराखडा मोठ्या गिरणीच्या मापाने बेतलेला होता. दंडाची नोंदवही, पगारपत्रक, फलकावरची सूचना हे सारे तेथे असते. नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाचे नाव पुष्कळदा पगारपत्रकातच नसते. ज्याची कपात होत नाही, त्याचा निधीवरचा हक्कही कागदावर उमटत नाही.

१८/
दुसरीकडे सार्वजनिक ग्रंथालयांसाठी वेगळा मार्ग आखला जात होता. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने खेड्यापासून राजधानीपर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचवली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. मद्रास राज्याने १९४८ मध्ये कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. हैदराबाद राज्याचा कायदा १९५५ चा.

महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. त्यात उपकर नाही. जी ग्रंथालये लोकांनी स्थापली आहेत त्यांना मान्यता द्यावी आणि अनुदान द्यावे, हा त्याचा गाभा. राज्याने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, एवढी हमी त्यात होती.

१९/
उपकर नसल्याने ग्रंथालये दरवर्षीच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली, ही टीका रास्त आहे. पण याच रचनेमुळे एक गोष्ट वाचली : पुस्तक निवडण्याचा अधिकार बहुतांशी गावातल्या संस्थेकडेच राहिला.

राज्य शासन दरवर्षी निवडलेल्या ग्रंथांची यादी प्रसिद्ध करते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या साहाय्याने समान व असमान निधीच्या योजना चालवते, त्यांतूनही पुस्तके येतात. उरलेली खरेदी ग्रंथालयाने स्वतः करायची असते. ग्रंथपाल वाचकांच्या मागणीची वही पुढे ठेवतो, समिती यादी मंजूर करते, विक्रेत्याकडून सवलतीसह बिल येते, मग प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक, शिक्का आणि वेष्टन.

२०/
व्यवहारात हे इतके सुरळीत नसते. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो आणि खर्च मार्चअखेर दाखवायचा असतो. मग महिन्याभरात वर्षाची खरेदी उरकते. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते, म्हणून संख्या वाढवण्याकडे कल जातो. छापील किंमत भरमसाट, पाने पातळ आणि सवलत डोळे दिपवणारी, अशी खास ग्रंथालयांसाठीच निघणारी पुस्तके याच फटीतून आत शिरतात. पुस्तकविश्वातील ही तक्रार जुनी आहे.

टॉवेलच्या व्यापाऱ्याने असा माल नमुन्यावरच परत पाठवला असता. पुस्तकाच्या वजनाचा तराजू समितीकडे नसतो, आणि ज्याच्याकडे तो असतो तो वाचक मार्चमध्ये बैठकीला नसतो.

२१/
वाचकाने यावर आपले उपाय शोधले होते. गल्लीतली खासगी वाचनालये दिवसाच्या भाड्याने पुस्तक देत. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा ज्या कपाटांतून वाचल्या गेल्या, ती बहुतेक अशीच. प्रतिष्ठित ग्रंथालयांच्या समित्या अशा पुस्तकांपुढे नाक मुरडत. भाड्याच्या वाचनालयवाल्याला ती चैन परवडणारी नव्हती. त्याची खरेदी आदल्या दिवशीच्या गल्ल्यावर ठरे.

दिवाळी अंकांचेही तसेच. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि परंपरा सुरू झाली. अनेक ग्रंथालये आजही दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात आणि त्या पैशातून अंकांचा गठ्ठा विकत घेतात. वाचक आधी पैसे देतो, मग अंक येतात, आणि न आलेल्या अंकाबद्दल तो भांडतोही. १८५३ चा नियम दर दिवाळीला असा पुन्हा जिवंत होतो.

२२/
अक्कलकोट रोडच्या बाजूचे सोलापूर मात्र एका वेगळ्याच अडचणीत आहे, ती भाषेची. या भागात अनेक घरांत आजी तेलुगू बोलते, आई दोन्ही भाषा बोलते आणि नातू मराठी शाळेत जातो. शासनाच्या यादीत मुख्यतः मराठी आणि सोबत हिंदी-इंग्रजी पुस्तके असतात. तेलुगू पुस्तक हवे तर ते हैदराबाद वा विजयवाड्याहून मागवावे लागते. ते निवडणारा, वाचू शकणारा आणि त्याची सूची करू शकणारा माणूसही लागतो.

गंमत अशी की ज्या तेलंगणातून हे विणकर आले, तेथे निजामाच्या राज्यात ग्रंथालय हेच भाषिक जागृतीचे साधन होते. हैदराबादेत १९०१ मध्ये स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम त्या चळवळीचे आद्यपीठ. मागासाठी गाव सोडणाऱ्याबरोबर ती कपाटे आली नाहीत.

२३/
याच रस्त्यावर पुढे कुंभारी आहे. तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. त्याच कुंभारीत रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. विडी वळणारीचे माप दिवसाला हजार विड्यांचे. तिच्यासाठी पुस्तक निवडायचे तर आधी तिला कोणत्या भाषेत वाचता येते, दिवसात किती वाजता उसंत मिळते आणि अक्षरे किती मोठी लागतात, हे विचारावे लागेल. असे विचारणारा रकाना खरेदीच्या कोणत्याही नमुन्यात नसतो.

२४/
जुन्या ग्रंथालयांची दाखल नोंदवही कधी पाहायला मिळाली, तर तिचे रकाने सावकाश वाचावेत. तारीख, दाखल क्रमांक, ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, विक्रेता, किंमत, आणि शेवटी शेरा. मार्चच्या तारखांना अक्षर घाईचे होते. एकाच विक्रेत्याचे नाव पानभर खाली उतरत जाते. मध्येच कुठे ‘देणगी’ असते. शेऱ्याच्या रकान्यात ‘गहाळ’ किंवा ‘निर्लेखित’ असा शब्द येतो. ‘गहाळ’पुढची नावे तपासली तर त्या गावाला खरोखर काय वाचायचे होते, ते कळते.